मुलगा झाला, कारण सांगायचे राहिले : मुंबईतील वंध्यत्व-उपचार केंद्रांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतील वंध्यत्व-उपचार केंद्रांचे संचालक आणि तेथे काम करणारे डॉक्टर

विषय : पुरुषाच्या वंध्यत्वाचे आनुवंशिक कारण उपचारापूर्वी तपासणे आणि ते जोडप्याला समजेल अशा भाषेत सांगणे याबाबत.

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी परळला राहतो, एका बँकेत नोकरी करतो आणि मला दुसरीत शिकणारा एक मुलगा आहे. तो आपल्यापैकीच एका केंद्रात, इक्सीच्या, म्हणजे प्रयोगशाळेत एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडण्याच्या, उपचाराने २०१८ साली झाला. त्या केंद्राचे नाव मी या पत्रात घेणार नाही, कारण तिथे जे राहून गेले ते इतर केंद्रांतही राहून जाते, असे मी त्यानंतर भेटलेल्या बऱ्याच जोडप्यांकडून ऐकले आहे. मुलगा झाल्याचे ऋण मी विसरलेलो नाही. तरीही जे सांगायला हवे होते ते आम्हाला सांगितले गेले नाही, आणि त्याचा हिशेब आता आमच्या मुलाच्या नावावर चढला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे लग्न २०११ सालचे. दोन वर्षांत पाळणा हलला नाही तेव्हा रिवाजाप्रमाणे पत्नीच्या तपासण्या सुरू झाल्या. रक्तातली हार्मोन्स झाली, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्या मोकळ्या आहेत का हे पाहण्यासाठी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढला गेला, आणि शेवटी भूल देऊन दुर्बिणीची तपासणीही झाली. सगळे व्यवस्थित होते. या संपूर्ण काळात मला कोणी काही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही आपणहून पुढे झालो नाही. माझ्या आईने तर तिच्या मार्गशीर्षातल्या गुरुवारांपासून रात्रीच्या जेवणातल्या दह्यापर्यंत सगळ्याची चौकशी केली, माझी मात्र कधीच केली नाही. ज्या जोडप्यांना मूल होण्यात अडचण येते त्यांच्यातल्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा सोबतीने, असतेच. वीर्यतपासणीला एक सकाळ पुरते. दुर्बिणीच्या तपासणीच्या आधी ती एक सकाळ कोणालाच का सापडली नाही, याचे उत्तर मला आजही मिळालेले नाही.

ती सकाळ २०१४ साली उगवली. माझा काउंट, म्हणजे वीर्यातली शुक्राणूंची संख्या, एका मिलिलिटरला १८ लाख आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा दीड कोटी होती. २०२१च्या आवृत्तीत ती १ कोटी ६० लाख झाली आहे. म्हणजे माझा आकडा थोडाथोडका नव्हे, फारच खाली होता. डॉक्टरांनी तपासून व्हेरिकोसील असल्याचे, म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगल्याचे सांगितले आणि २०१५ साली त्याचे ऑपरेशन झाले. वर्षभराने काउंट २१ लाख भरला. मग इक्सी करू या, असे ठरले, आणि दुसऱ्या प्रयत्नात आमचा मुलगा झाला. वाड्यात पेढे वाटले. काउंट इतका कमी का, हा प्रश्न त्या पेढ्यांबरोबर संपला.

तो पुन्हा वर आला २०२३ साली. दुसऱ्या मुलासाठी गेलो तेव्हा अहवालात शुक्राणू दिसलाच नाही. नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा साका तपासला, तरी नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासले, तरी तेच. या वेळचे डॉक्टर निराळे होते. त्यांनी आधी हातांनी तपासले, भावंडांची चौकशी केली, आणि मग वास नीट येतो का, असे विचारले. मला हसू आले. समोरच्या चाळीत सोमवारी कोणी चोरून सुकट भाजली तरी मला कळते, असे मी सांगितले. नंतर समजले की तो प्रश्न गमतीचा नव्हता. कालमन सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक विकारात मेंदूकडून अंडकोशाला पोचणारा हार्मोनचा निरोपच थांबलेला असतो आणि अशा पुष्कळ पुरुषांना जन्मापासून वास येत नाही. पण ही गोष्ट ओळखता आली तर महिनोन्‌महिने इंजेक्शने घेऊन त्यांच्यात शुक्राणू तयार होऊ शकतात. पुरुष-वंध्यत्वाच्या आनुवंशिक कारणांत खात्रीचे औषध असलेली अशी कारणे फार थोडी आहेत, आणि त्यातले हे एक फुकटच्या प्रश्नाने हाती लागू शकते. आधीच्या नऊ वर्षांत तो प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मग त्यांनी रक्ताच्या दोन तपासण्या लिहून दिल्या : कॅरियोटाइप, म्हणजे सगळी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, आणि वाय या पुरुषांतच असणाऱ्या गुणसूत्राच्या सूक्ष्म तुटीची तपासणी. पहिली सामान्य आली. दुसऱ्या अहवालाबरोबर एक काळपट छायाचित्र जोडलेले होते. जेलच्या पट्टीवर उजळ रेघांच्या रांगा होत्या, प्रत्येक रेघ म्हणजे वाय गुणसूत्रावरची एक ठरलेली खूण. शेजारच्या रांगेत एका निरोगी पुरुषाचा नमुना तुलनेसाठी लावला होता. त्याच्या सगळ्या रेघा जागेवर होत्या. माझ्याही बहुतेक होत्या. फक्त एसवाय २५४ आणि एसवाय २५५ या दोन खुणांच्या जागी काळोख होता. समुपदेशक बाईंनी त्या दोन काळ्या चौकोनांवर पेन्सिलीचे टोक टेकवले आणि म्हणाल्या, "हा भाग तुमच्यात जन्मापासून नाहीये. याला एझेडएफ-सी म्हणतात. तुमच्या मुलातही तो नसणार." मी विचारले, "नसणार की नसू शकतो?" त्या म्हणाल्या, "मुलाकडे वाय तुमच्याकडूनच जातो ना. नसणार."

आपण तज्ज्ञ आहात, आपल्याला यातले सगळे ठाऊक आहे. पण हे पत्र आपल्या बाहेरच्या बाकावर बसलेली जोडपीही वाचतील, म्हणून जरा थांबून लिहितो. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारे काहीतरी असले पाहिजे, हे तिएपोलो आणि झुफार्डी या इटालियन संशोधकांनी १९७६ साली शुक्राणू नसलेल्या पुरुषांची गुणसूत्रे तपासून मांडले. पुढे त्या पट्ट्याला एझेडएफ हे नाव मिळाले आणि त्याचे ए, बी आणि सी असे भाग पाडले गेले. २००३ साली वाय गुणसूत्राचा क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात आठ प्रचंड विलोमपदे आढळली. "चिमा काय कामाची" हे वाक्य जसे उलटसुलट सारखेच वाचता येते, तसे या गुणसूत्राचे लांबच लांब भाग दोन्ही बाजूंनी सारखे वाचले जातात. इतर गुणसूत्रांना जोडीदार असतो, त्याच्याशी ताडून चुका दुरुस्त करता येतात. वायला तसा जोडीदार नाही, त्यामुळे तो स्वतःच्याच प्रतींशी ताडून पाहतो. त्यातच कधी दूरच्या दोन सारख्या प्रती एकमेकींना चिकटतात आणि मधला तुकडा गळून पडतो. माझा गळालेला तुकडा डीएनएच्या साधारण ३५ लाख अक्षरांचा आहे, आणि शुक्राणूंसाठी लागणाऱ्या डीएझेड जनुकाच्या चारही प्रती त्याच्यासोबत गेल्या आहेत. सुमारे ४ हजार पुरुषांत एकाला ही तूट असते. साध्या कॅरियोटाइपमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसत नाही, म्हणून निराळी तपासणी लागते.

ही तूट बहुधा त्याच पुरुषात नव्याने आलेली असते. माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते आणि आम्ही चार भावंडे. तेव्हा "तुमच्या घराण्यातच काहीतरी असेल" असे जे मला एका केंद्रातल्या मदतनिसाने सुचवले होते, ते जवळजवळ नक्कीच चूक होते. घराण्यात पूर्वी बहुधा काही नव्हते. माझ्यापासून सुरू झाले, आणि इक्सीमुळे माझ्यापाशी थांबले नाही.

माझा मुद्दा नेमका इथे आहे. ब्रुसेल्सला १९९२ साली इक्सीने पहिली मुले जन्माला आल्याची नोंद झाली, त्याआधी वंध्यत्व वारशाने मिळते हे वाक्य कोणी उच्चारले असते तर लोक हसले असते. आता एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडता येतो, त्यामुळे कारण न शोधताही मूल होते, आणि मूल होते म्हणून कारण शोधायची गरज कोणाला वाटत नाही. बापाचा अडथळा ओलांडून आपण मुलाला जगात आणता, ही मोठीच गोष्ट आहे. पण तोच अडथळा मुलाच्या हाती ठेवला जातो आहे हे ठाऊक असूनही, किंवा तपासले तर सहज ठाऊक होईल अशी स्थिती असूनही, गप्प राहणे मला मान्य नाही.

कोणी म्हणेल, आधी कळले असते तर तुम्ही काय वेगळे केले असते? मुलगा होऊ दिला नसता का? होऊ दिला असता. त्याच्या तब्येतीत दुसरे काही उणे नाही, तो शाळेच्या कबड्डीत आहे आणि माझ्यापेक्षा बरा हिशेब करतो. लिंगनिवडीला आपल्या कायद्यात मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे, त्यामुळे मुलगीच हवी असे म्हणण्याचाही प्रश्न नव्हता. पण ही तूट असलेल्या पुरुषाला व्हेरिकोसीलच्या ऑपरेशनाचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा ते ऑपरेशन, ती रजा आणि ते पैसे वाचले असते. अशा पुरुषांचे शुक्राणू वयाबरोबर घटत जाऊ शकतात, म्हणून २०१४ साली १८ लाख असताना काही नमुने गोठवून ठेवले असते, आणि २०२३ साली सेंट्रिफ्यूजच्या नळीचा तळ खरवडत बसण्याची वेळ आली नसती. आणि मुलगा झाला त्याच दिवसापासून आम्हाला ठाऊक असते की हा वयात आल्यावर याचीही तपासणी करायची आहे, आणि शुक्राणू सापडले तर ते तरुणपणीच गोठवायचे आहेत. हे सगळे मला योगायोगाने कळले. दुसरे मूल हवे असे वाटले नसते, तर आमचा मुलगा तिशीत लग्न करून बायकोला दुर्बिणीच्या तपासणीला घेऊन गेला असता.

आपल्या केंद्राने सांगितले नव्हते असे मी म्हणतो तेव्हा एक कबुली दिली पाहिजे. अहवाल हाती आल्यावर मी जुनी फाइल काढली. संमतीपत्र १४ पानांचे होते, सगळे इंग्रजीत. नवव्या पानावर, गर्भपात आणि जुळ्यांच्या मधोमध, अपत्यात आनुवंशिक दोष उतरू शकतात अशा अर्थाची एक ओळ होती, आणि खाली माझी सही. कायद्याच्या भाषेत मला सांगितले गेले होते. बँकेत रोज कर्जाच्या कागदांवर लोकांच्या सह्या घेणारा माणूस मी; कुठे सही करायची तेवढेच बोट दाखवून सांगणे म्हणजे काय, हे मला चांगले कळते, आणि त्या दिवशी मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होतो. आता २०२१चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नियमनाचा कायदा आला आहे आणि त्यात जोडप्याला समुपदेशन देण्याची जबाबदारी केंद्रावर टाकलेली आहे. ते समुपदेशन मराठीतून, हिंदीतून किंवा समोरच्याच्या भाषेतून, पेन्सिलीने आकृती काढून व्हावे, एवढे मागणे अवाजवी नाही.

त्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर मला एक रिक्षाचालक भेटला होता. सहा वर्षे त्याने काउंट वाढवण्याच्या पावडरी आणि कॅप्सूल खाल्ल्या होत्या, आणि बायकोने त्याहून जास्त औषधे. त्याच्या कॅरियोटाइपमध्ये ४७, एक्सएक्सवाय निघाले, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जास्तीचे. क्लाइनफेल्टर यांनी १९४२ साली हा विकार वर्णिला, त्यामागे जादा गुणसूत्र आहे हे १९५९ साली कळले, आणि सुमारे ६०० मुलग्यांमागे एकात तो असतो. तरीही बहुतेकांना आयुष्यात कधी कळत नाही, किंवा कळते ते असेच, बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर. अंडकोश लहान, दाढी विरळ, उंची जास्त, एवढे कोणी मन लावून पाहिले असते तर संशय यायला पुरेसे होते. त्यात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन कमी पडते, हाडे ठिसूळ होतात, मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणजे ही तपासणी निव्वळ मुलासाठी नाही, त्या माणसाच्या स्वतःच्या प्रकृतीसाठीही आहे. सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून अशा पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या अंडकोशात शुक्राणू सापडतात, हेही त्याला सहा वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तो मला म्हणाला, "साहेब, पावडर देणाऱ्याने एकदा तरी खाली हात लावून बघायला पाहिजे होतं."

याच्या उलट प्रकारही आहे. वाय गुणसूत्राचा ए किंवा बी हा भाग संपूर्ण गळालेला असेल तर अंडकोश उघडून शोधले तरी शुक्राणू मिळत नाहीत. तिथे रक्ताची तपासणी आधी केली तर एक वेदनादायक आणि निरुपयोगी शस्त्रक्रिया टळते. काही हजारांची तपासणी महाग, आणि तिच्या कित्येक पट खर्चाची शस्त्रक्रिया मात्र "करून पाहू", हा हिशेब बँकेतल्या माणसाला पटत नाही.

आणखी एक प्रकार मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात बायकोच्याही रक्ताचा संबंध येतो. काही पुरुषांत शुक्राणू उत्तम तयार होतात, पण ते बाहेर आणणाऱ्या दोन्ही नळ्या जन्मतःच नसतात. वीर्य कमी भरते, आम्लधर्मी येते, त्यात फ्रुक्टोज ही साखर नसते, आणि बोटांनी चाचपले तर अंडकोशाच्या वर सुतळीसारखी लागायला हवी ती नळी लागत नाही. यामागे बहुतेक वेळा सीएफटीआर जनुकातले बदल असतात, आणि त्याच जनुकामुळे सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा गंभीर आजार होतो. पत्नीतही या जनुकाचा बदल दडलेला असेल तर मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक, कधी दोनात एक इतकी होते. म्हणून इक्सीच्या आधी पत्नीची तपासणी अनिवार्य मानली पाहिजे, आणि ती एकदोन बदलांपुरती असून भागत नाही, कारण युरोपीय लोकांत सर्वांत जास्त आढळणारा बदल आपल्याकडे त्या मानाने कमी आढळतो.

मुंबईत हे जमणार नाही असे म्हणायला जागा नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी भारतातली शास्त्रीय नोंद असलेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, केईएम रुग्णालयात, जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. आनंद कुमार यांचे ते काम. त्या शहरात ५० लाखांखालच्या काउंटला रक्ताच्या दोन नळ्या काढणे ही अवघड बाब नव्हे. तो ५० लाखांचा आकडाही मी ठरवलेला नाही. त्याखालच्या आणि शून्य काउंटच्या पुरुषांत कॅरियोटाइप आणि वायची तपासणी करावी, ही शिफारस वैद्यकात वर्षानुवर्षे रूढ आहे. अलीकडे कुठे वायच्या तपासणीसाठी तो आकडा आणखी खाली आणलेला आहे, त्यावर आपण जरूर वाद घाला. माझे १८ लाख २०१४ सालच्या कोणत्याही हिशेबाने त्यात बसत होते.

पुरुषांना ही गोष्ट सांगितली तर ते खचतात, उपचार सोडून जातात, असे एका केंद्रातल्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मला खासगीत सांगितले. मीही खचलो. परळहून दादरपर्यंत पायी गेलो आणि टिळक पुलावर बराच वेळ गाड्या बघत उभा राहिलो. पण घरी आल्यावर पत्नीला ते छायाचित्र दाखवले तेव्हा ती आधी काहीच बोलली नाही, आणि मग म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटातली ती दुर्बीण उगाचच होती." बारा वर्षे तिच्या अंगावर असलेले एक किटाळ त्या दोन काळ्या चौकोनांनी उतरवले. ते मी नऊ वर्षे आधी उतरवू शकलो असतो.

आता माझी विनंती. यापुढे ५० लाखांखालच्या प्रत्येक पुरुषाला ऑपरेशनाच्या किंवा इक्सीच्या आधी या तपासण्या सुचवाव्यात, आणि त्याने नको म्हटले तर ते "नको" समजून-उमजून म्हटलेले असावे. पण मला याहून जास्त काही हवे आहे. आपल्या संगणकांत जुन्या फाइली आहेत. ज्यांचा काउंट तुटपुंजा होता, ज्यांची ही तपासणी झाली नव्हती, आणि ज्यांना आपल्या उपचाराने मुलगे झाले, असे बाप त्यांत सापडतील. त्यांच्यापैकी काहींची मुले आता कॉलेजात जात असतील. वाढदिवसाला शुभेच्छांचे संदेश पाठवण्यासाठी आपण ज्या क्रमांकांचा उपयोग करता, त्याच क्रमांकांवर एकदा फोन करून त्या बापांना एवढेच सांगावे की एक तपासणी राहिली आहे, येऊन जा. आम्हाला शुभेच्छांचा संदेश दरवर्षी जून महिन्यात न चुकता येतो.

पत्राखाली मी नाव लिहिलेले नाही. अहवालाची मला लाज वाटत नाही. माझ्या साहेबांना आणि माझ्या भावंडांना तो ठाऊक आहे. पण शाळेच्या हजेरीपटावर मुलाच्या नावापुढे माझे नाव लागते, आणि ही गोष्ट कोणाला सांगायची, केव्हा सांगायची, हे त्याने मोठेपणी ठरवायचे आहे. तोवर तो अहवाल, मी हाताने लिहिलेल्या दोन पानी मराठी टिपणासह, त्याच्या जन्मदाखल्याच्या फाइलमध्ये ठेवला आहे.

कळावे,

आपला,
परळ येथील एक रहिवासी